जिवांच्या खोलीतली चाळीस पोती

धर्माजी हा आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडचा, कोंढवळच्या डोंगरात भाताची चार खाचरे आणि वरच्या उतारावर नाचणी पिकवणारा माणूस. त्याचा मुलगा जानकू. तारुण्यात तीन वर्षे तो नारायणगावी आमच्या दुकानात पोती उचलत असे. जानकूचा मुलगा दुंदा; त्याने डोंगर सोडला नाही. आणि दुंदाची मुलगी आरती. ही आरती आज वारूळवाडीला आमच्या कारखान्यात येणारे प्रत्येक पोते पास की नापास ते ठरवते, आणि तिने एकदा नापास म्हटले की माझ्या नातवालाही ते पास करता येत नाही.

वंशावळ सांगायची तर आमचीही सांगता येईल. माझे आजेसासरे मारवाडातून दोन तांब्यांनिशी आले, इथपासून ती सुरू होते आणि ऐकणाऱ्याचा चहा गार होईपर्यंत संपत नाही. परंतु ज्या घराविषयी बोलायचे आहे त्या घराची नावे आधी घ्यावीत, असे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवले होते. त्यांनी शिकवलेले मी सगळे पाळले. निदान गेल्या भाद्रपदापर्यंत माझी तशी समजूत होती.

आमचा कारखाना म्हणजे तांदूळ आणि नाचणी चाळून, निवडून, पिशव्यांत भरून पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला देण्याचा. कारखान्याच्या मागच्या कुंपणाला लागून आमचे घर. माझा नातू पारस याने तीन वर्षांपूर्वी कारखान्यात संगणकाची ती व्यवस्था आणली, जिला तिथे सगळे नुसते ‘सिस्टिम’ म्हणतात. तेव्हापासून पोते आत आले की आधी पडद्यावर येते आणि मग जमिनीवर.

“दादी, आता जे सिस्टिममध्ये नाही ते कारखान्यात नाही,” पारस मला म्हणाला होता.

“मी आहे का त्यात?” मी विचारले.

तो हसला.

ती व्यवस्था मला नीट समजावून सांगितली ती आरतीने. मी काठी टेकत रोज सकाळी कारखान्यातून एक फेरी मारते. तिच्या मेजाशी मी थांबले की ती उभी राहून बोलते; बसून बोल असे मी सांगत नाही.

“मोठ्या बाई, माल आला की त्याला एक लॉट नंबर पडतो. मी नमुना काढून ओलावा बघते, चाळून जीव मोजते, तुकडा मोजते. तोवर माल आहे पण नाही. कुणाला उचलता येत नाही.”

“लग्न ठरलेल्या मुलीसारखा. घरात आहे, पण घरची नाही.”

“तसंच म्हणा. नापास झाला तर सिस्टिम त्याला अडवून ठेवते. मग लाल चिठ्ठी, त्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवणं आणि कुलूप. तिथून चारच वाटा. ज्याचा त्याला परत, नाहीतर पुन्हा चाळून-निवडून घेणं, नाहीतर हलक्या प्रतीत, नाहीतर मोडीत. कुठली वाट ते मी सुचवायचं, पारसभाऊंनी मंजूर करायचं. आणि लिहिल्याशिवाय पोतं जागचं हलवायचं नाही.”

“हलवले तर?”

“तर पडदा एक सांगणार आणि पिंजरा दुसरंच. मग आपल्या बाकीच्या पोत्यांवर तरी कोण विश्वास ठेवील?”

मला ते पटले होते. माझे सासरे पोत्यात कोपरापर्यंत हात घालून वास घेत आणि दोन दाणे दाताखाली धरत. त्यांनी नाकारलेला माल पुढे कुठे गेला हे विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. ही मुलगी तेच काम करीत होती आणि शिवाय प्रत्येक पोत्याचा जाब देत होती. मी तिला हे कधी बोलून दाखवले नाही. आमच्यात तोंडावर कौतुक करण्याची पद्धत नाही.

पर्युषणाचा तिसरा दिवस, शुक्रवार. आळे गावच्या एका व्यापाऱ्याकडून आलेली इंद्रायणीची चाळीस पोती आरतीने नापास केली होती. कारण जिवंत सोंडे. परत न्या म्हटले तर व्यापारी म्हणाला, गाडीभाडे मालाहून जड होईल, तुमचे तुम्ही बघा. मी पिंजऱ्यासमोर उभी राहिले. पोत्याच्या शिवणीवर ते बारीक काळे जीव एकामागून एक चालले होते.

“ही कुठे जाणार?” मी आरतीला विचारले.

“मोडीत सुचवलंय. पारसभाऊंनी मंजूर केलं की कोंबडीखाद्याच्या गिरणीची गाडी सोमवारी येईल.”

“तो काय करणार?”

“दळणार.”

“चाळून?”

तिने मान खाली घातली. “तसंच दळतात, बाई.”

आमच्या धर्मात आठ दिवस हिरवी भाजी चिरायलाही आम्ही कचरतो, आणि त्याच आठवड्यात माझ्या कुंपणातून हजारो जीव जात्यात जायचे होते. आमच्या घरामागे एक खोली आहे. आमच्या सासऱ्यांनी बांधली. किडीचे धान्य त्या खोलीत जमिनीवर पसरून ठेवायचे, दार लोटायचे आणि जीव आपल्या मरणाने मरेपर्यंत किंवा आपल्या पायाने जाईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. आम्ही तिला जिवांची खोली म्हणतो. सिस्टिमच्या चार वाटांमध्ये ती वाट नव्हती.

आरतीच्या आईला बरे नव्हते. दुपारच्या एसटीने आरती दोन दिवस गावी गेली. पारस पुण्याला होता. मी गेणूला बोलावले. गेणू आमच्या हमालांचा मुकादम, वीस वर्षांपासूनचा.

“गेणू, पिंजऱ्यातली पोती जिवांच्या खोलीत रिकामी कर.”

“आरतीताईंनी चिठ्ठ्या लावल्यात, बाई. इचारल्याबिगर हलवायची न्हाईत म्हनल्यात.”

“हा कारखाना कोणाच्या सासऱ्यांच्या जागेवर उभा आहे?”

“तुमच्या.”

“मग?”

“मग मी कुठं न्हाई म्हनतोय? पन त्या मशिनीत लिवावं लागतं म्हनं.”

“घरचे धान्य घरात नेताना मी यंत्राची परवानगी मागू? आणि त्या लाल चिठ्ठ्या इथेच काढून ठेव. नापासाचा शिक्का माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही.”

पिंजऱ्याच्या कुलपाची दुसरी किल्ली घरी असते, ती मी त्याला दिली. गेणू शिस्तीचा. त्याने चाळीसच्या चाळीस चिठ्ठ्या काढून पिंजऱ्यातल्या खिळ्याला ओवून ठेवल्या आणि दिवेलागणीपूर्वी हातगाडीने सगळी पोती मागे आणली. पारसला मी सांगितले नाही. तो वाद घालील हे मला माहीत होते आणि पर्युषणात मला वाद नको होता. माझ्या मनाला त्या संध्याकाळी मोठे समाधान वाटले.

सोमवारी सकाळी अकरा वाजता पुण्याच्या कंपनीच्या तपासनीस उज्ज्वला मॅडम न कळवता आल्या. वर्षातून एकदा त्या अशाच येतात. ही हकिकत मला गेणूने सांगितली. तो बाराच्या सुमारास मागच्या दाराने आला आणि पायरीवर उभा राहून धापा टाकू लागला.

“बाई, घोळ झाला. लई मोठा घोळ झाला.”

“आधी श्वास घे. मग बोल.”

“त्या मॅडमनी मशिनीत बघितलं, पिंजऱ्यात चाळीस पोती. पिंजरा उघडला तर आत कायच न्हाई, नुसत्या चिठ्ठ्या लोंबत्यात. शनिवारी पुण्याला इंद्रायणीची बेचाळीस पोती गेली ना, ती चांगली व्हती. पन मॅडम म्हनत्यात, चाळीस गायब आन् बेचाळीस रवाना. नापास मालाच्या चिठ्ठ्या फाडल्या आन् चांगल्यात मिसळून आमालाच पाठवला.”

“मग चांगले मोजून दाखवा.”

“काय मोजनार? गोदामात इंद्रायणीचं एक पोतं उरलं न्हाई.”

“आरती काय म्हणते?”

“ती आजच सकाळी आली गावावरनं. तिला काय ठाव? म्हनती, मी लावलेल्या चिठ्ठ्या ह्याच, पोती कुठं गेली मला म्हाईत न्हाई. मला बघवंना, बाई. सांगू का मी?”

“तू गप्प राहा. मी सांगेपर्यंत एक अक्षर बोलायचे नाही.”

तो गेला. मी का थांबले? एका परक्या बाईसमोर आमच्या घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने कबूल करायचे की नियम मी मोडला, हे माझ्या मानाला पटत नव्हते. मी स्वतःला म्हटले, पारस हुशार आहे, तो काहीतरी मार्ग काढील.

मार्ग त्याने काढला होताच. एक वाजता तो घरी आला, उभ्यानेच पाणी प्यायला.

“पोती कुठे गेली हे तू शोधलेस का?” मी विचारले. माझे मलाच ते शब्द ऐकवेनात.

“शोधायला वेळ कुठाय, दादी? चार वाजता त्या रिपोर्ट लिहिणार. मी आरतीला म्हटलं, शुक्रवारच्या तारखेने मोडीची एंट्री टाक, गिरणीवाला आपला आहे, तो पावती देईल. तर ही म्हणते, पोती गिरणीत गेली हे मला माहीत नाही, मग गेली असं कसं लिहू?”

“बरोबर आहे तिचे.”

“बरोबर असून काय करू? नापास मालाचं कुलूप तिच्याकडे, लॉगिन तिचं. सिस्टिममध्ये जबाबदार तीच. मी तिला आजपासून थांबवलं तर कंपनी तेवढ्यावर मिटवील, असं मॅडमच्या बोलण्यावरून वाटतं.”

“आणि तिचे पुढे काय?”

“रिपोर्टात नाव गेलं की पुन्हा कुठली कंपनी तिला धान्याला हात लावू देणार?” तो पदराला हात पुसणाऱ्या लहान मुलासारखा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. “तिनंच केलं असं मला वाटत नाही, दादी. पण कुणीतरी केलंच ना?”

तो उत्तराची वाट पाहत होता असे मला आजही वाटते. मी त्याच्या हातातला पेला घेऊन आत ठेवला. तो गेला.

मी सामायिकाला बसले. अठ्ठेचाळीस मिनिटे एका आसनावर, समभावाने. पंचावन्न वर्षांत हा नेम चुकला नव्हता. त्या दुपारी मी आसनावरून तीनदा उठले, आणि आसन मोडण्याचा दोष तिन्ही वेळा लागला. माळ हातात, आणि मणी कितवा ते कळेना. पुढच्या दारापर्यंत जावे, तिथून कारखान्याचे पत्रे दिसावेत, परत फिरावे. मागच्या दारापर्यंत जावे, तिथे जिवांची खोली. दाराला कान लावला की आतून तांदळावर फार हलके पाऊस पडावा तसा आवाज येई. सहस्र पायांचा. एरवी त्या आवाजाने मला पुण्य केल्यासारखे वाटत असे. त्या दुपारी तो माझ्याविषयी काहीतरी कुजबुजत आहे असे वाटू लागले आणि मी दारापासून मागे सरले.

मला जानकू आठवत होता.

माझ्या लग्नाला दोन वर्षे झाली होती. सासूबाईंनी दोनदा सांगून झाले होते की ही मुलगी धांदरट आहे, हिला माहेरी पाठवा. तेव्हा आम्ही नारायणगावी दुकानामागेच राहत असू. एका संध्याकाळी तिथल्या न्हाणीघरातल्या हौदाचे बूच मी काढले आणि घाईत नीट बसवले नाही. रात्रभर पाणी भिंतीच्या फटीतून दुकानाच्या कोठारात गेले आणि आंबेमोहराची बारा पोती भिजली. सकाळी सासऱ्यांनी सर्वांना चौकात उभे करून विचारले. मी दाराआड, डोक्यावरून पदर हनुवटीपर्यंत. जानकू पहाटे सर्वांच्या आधी आला होता. लोळत पडलेले बूच त्यानेच उचलून बसवले होते. हौदाला रात्री घरच्या बायकांखेरीज कोणी हात लावत नाही, हे त्याला ठाऊक होते. त्याने दाराकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, “शेट, काल हातपाय धुताना बूच म्या काढलं व्हतं. ध्यानात ऱ्हायलं न्हाई.”

सासऱ्यांनी त्याला त्याच घटकेला काढले. बाजारात शब्द पसरला; मग एकाही दुकानदाराने त्याला पोत्याला हात लावू दिला नाही. तो पायी डोंगरात परत गेला. मी पदराआडून बोलले नाही, ना त्या दिवशी, ना नंतर. सासरे वारले, सासूबाई वारल्या, आणि ज्यांचे भय धरले होते त्यांतले कोणी उरले नाही, तरी मी बोलले नाही. जानकू वारल्याचे मला सहा महिन्यांनी कळले.

तीन वर्षांपूर्वी आरती नोकरी मागायला आली आणि अर्जावर तिचे नाव वाचले, तेव्हा हिला घ्या असे मीच सांगितले. मनात म्हटले, फिटले. पण ती मुलगी मंचरच्या कॉलेजात शिकून, पाच जणांत पहिली येऊन त्या खुर्चीवर बसली होती. तिने स्वतः कमावलेली गोष्ट मी माझ्या फेडीत कशी धरली होती?

अडीच वाजता पुढच्या दाराशी कोणी खाकरले. पाहते तर सोनीबाई, जानकूची बायको. आरतीबरोबर ती आमच्याच चाळीतल्या एका खोलीत राहत असे. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, पाठ ताठ. ती पायरीखालीच उभी राहिली.

“शेटाणीबाई, खोलीची चावी कुनाकडं देऊ? पोरीला घिऊन चालले.”

“कोणी जा म्हणाले तुम्हाला?”

“म्हनायला कशाला पायजे? तुमच्या दारातनं कसं निघायचं ते आमच्या घराला ठावं हाय.”

मी खांबाला धरले. “सोनीबाई, तुला काय ठाऊक आहे?”

“लग्नाच्या तिसऱ्या म्हैन्यात नवरा काम सोडून घरी आला. बायको इचारील का न्हाई? ते येवढंच म्हनले, बूच म्या काढलं नव्हतं. कुनी काढलं ते सांगितलं न्हाई. पर हमाल रातच्याला तुमच्या न्हानीत कशाला शिरंल? माझं डोकं काय भाताच्या खाचरात ऱ्हायलं न्हाई.”

“आणि इतकी वर्षे बोलली नाहीस?”

“मी का बोलू?” ती म्हणाली. “बोलायचं व्हतं ते तुमी.”

तिने चावी पायरीवर ठेवली. मी ती उचलली आणि तिच्या हातात परत दिली.

“चल माझ्याबरोबर.”

“कुठं?”

“चल म्हटले ना.”

मी काठी विसरले, हे कारखान्याच्या दारात लक्षात आले. कचेरीत उज्ज्वला मॅडम मेजाशी लिहीत होत्या. चाळिशीच्या, चष्म्याच्या, शांत. पारस उभा. आरती कोपऱ्यात, तिच्यापुढे मेजावर पिंजऱ्याच्या किल्ल्या ठेवलेल्या. दारात गेणू.

“मॅडम, तुम्ही जे लिहीत आहात ते थांबवा,” मी म्हणाले. “ती चाळीस पोती शुक्रवारी मी हलवली. या मुलीला ठाऊक नव्हते. माझ्या नातवालाही नाही. गेणूने माझ्या हुकमाने नेली आणि चिठ्ठ्याही माझ्याच हुकमाने काढल्या.”

“दादी!” पारस म्हणाला.

मॅडमनी लेखणी ठेवली. “आजी, राग मानू नका. मुलीला वाचवायला घरातलं मोठं माणूस पुढे येतं, हे मी चार कारखान्यांत पाहिलंय.”

“मी तुमची आजी नाही. आणि खोटे बोलायचे असते तर मी एवढे चालत आले नसते. माल मागे आहे. चला. चपला मात्र बाहेर काढाव्या लागतील.”

आम्ही सगळे मागे गेलो. गेणूने दार ढकलले. खोलीभर तांदूळ, घोट्याएवढा पसरलेला, आणि भिंतींवरून वर चढणारे जीव. कोपऱ्यात रिकामी पोती घडी घालून. आरतीने ओढणी कमरेला खोचली, खाली बसली आणि एकेका पोत्यावरचा नंबर मोठ्याने वाचू लागली. मॅडम आपल्या हातातल्या पडद्यावर खूण करीत गेल्या. चाळीस भरले. त्यांनी चार ठिकाणचा तांदूळ नमुन्याच्या पिशवीत घेतला.

मग त्या दारात उभ्या राहून खोलीच्या वरच्या जाळीकडे पाहू लागल्या. जाळी कुठली, नुसते भोक. “हे जीव इथून बाहेर पडून कुठे जातात?”

“आपल्या वाटेने जातात,” मी म्हणाले. “त्यासाठीच ही खोली.”

“आपलं गोदाम इथून किती लांब?”

गोदामाची भिंत तिथून पन्नास पावलांवर होती.

आरती उठून उभी राहिली. तिचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदाच रागावलेला मी पाहिला. “मोठ्या बाई, दोन पावसाळे झाले. चांगला, पास केलेला माल गोदामात पंधरा दिवसांत किडतो. मी पोती बदलली, फळ्या बदलल्या, पारसभाऊंशी भांडले. आळ्याच्या माणसाला दोष दिला. आणि हे इथं होतं?”

“माझ्या सासऱ्यांच्या काळापासून आहे,” मी म्हणाले.

“तेव्हा मागे गोदाम होतं का?”

नव्हते. तेव्हा मागे बाभळी होत्या. गोदाम मी बांधवले, बारा वर्षांपूर्वी, जागा वाया जाते म्हणून.

कचेरीत परतल्यावर आरती पडद्यासमोर बसली. “आजच्या तारखेने लिहिते. जागा बदलली, शुक्रवारी, नोंद न करता. कारण काय लिहू?”

“लिही, मालकीणबाईंनी न विचारता हलवली.”

“सिस्टिमला मालकीणबाई कळत नाहीत. नाव लागतं.” तिने कळफलकावर बोटे ठेवली, थांबली, माझ्याकडे पाहिले.

“जतनबाई,” मी म्हणाले. “पूर्ण लिही. जतनबाई कुंदनमल.”

त्या सिस्टिममध्ये माझे नाव आले ते असे.

उज्ज्वला मॅडमनी सवलत दिली नाही. अडवलेला माल मालकाच्या घरच्यांनी हलवला, हा गंभीर दोष. जिवांची खोली गोदामाजवळ, हा दुसरा. महिनाभर खरेदी बंद, मग पुन्हा तपासणी. पारसचा चेहरा उतरला. पण त्यांनी शेवटी एक ओळ वाचून दाखवली: गुणवत्ता तपासनिसाच्या सर्व नोंदी बरोबर आढळल्या, खोटी नोंद करण्यास तिने नकार दिला. खोटी नोंद कोणी सुचवली ते त्यांनी लिहिले नाही. पारसने ते ऐकून जमिनीकडे पाहिले.

“किल्ल्या उचल,” मी आरतीला म्हणाले. तिने उचलल्या.

खोली आम्ही त्याच आठवड्यात निरगुडसरच्या मळ्यात हलवली, जिथे चारी बाजूंना मैलभर कोणाचे गोदाम नाही. तिथे जाणाऱ्या पोत्यांसाठी पाचवी वाट सिस्टिममध्ये काढण्यास आरतीने पारसला भाग पाडले. ती वाट मंजूर करण्याचा अधिकार मला नाही. मी मागून पाहिला.

हे झाले आरतीचे. तिचे काम वाचले, आणि ते वाचवणे माझे कर्तव्यच होते, कारण बुडवत होते मीच. जानकूचे तेवढ्याने फिटले नव्हते.

गुरुवारी सकाळी नारायणगावच्या जैन स्थानकात सामूहिक क्षमापना असते. वर्षभरात झालेल्या चुकांबद्दल सर्वांनी सर्वांची हात जोडून क्षमा मागायची. मी सर्वांत वडील, म्हणून मला पुढे खुर्ची असते, आणि माणसे येऊन माझ्यापुढे वाकतात. पन्नास वर्षे मी त्या दिवशी सगळ्या जगाची क्षमा मागत आले. सगळ्या जगाची मागितली की एकाचीही नाव घेऊन मागावी लागत नाही. त्या दिवशी मी सोनीबाईला आणि आरतीला आधीच नेऊन बायकांच्या बाजूला बसवले होते. लोक वाकायला येऊ लागले तेव्हा मी उठून उभी राहिले.

“आधी माझे,” मी म्हणाले.

समोर किराणेवाले, आडतवाले, कापडवाले. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या वडिलांनी जानकूला दारातून परतवले होते.

“कोंढवळचा जानकू धर्माजी आमच्या दुकानी हमाल होता. त्रेपन्न वर्षांपूर्वी आमची बारा पोती भिजली. त्याने हयगय केली असे आमच्या घराने सांगितले आणि ते तुमच्या घरांनी मानले. हौदाचे बूच मी काढले होते. त्याने माझा दोष आपल्या अंगावर घेतला आणि मी घेऊ दिला. तो निष्काळजी नव्हता. त्याच्यासारखा माणूस आमच्या दुकानात पुन्हा आला नाही.”

कोणी खोकले. कापडवाले वृद्ध शांतिलालजी हलकेच म्हणाले, “जतनबाई, एवढी जुनी गोष्ट चार माणसांत कशाला?”

“शांतिलालजी, त्याला काढले तेही चार माणसांतच होते. तुमच्या वडिलांच्या दुकानावर तो दुसऱ्याच दिवशी आला होता. आठवते?”

त्यांनी पागोट्याशी हात नेला आणि मान हलवली. आठवत होते.

मी बायकांच्या बाजूला गेले. गुडघे माझे वाकत नाहीत. आरतीने धरले आणि मी खाली बसले, आणि सोनीबाईच्या पायांवर डोके ठेवले. तिने पाय मागे घेतले.

“उठा, शेटाणीबाई. लोकं बघत्यात.”

“बघू देत. सोनीबाई, जानकूची क्षमा आता मला मागता येत नाही. तुझी मागते. अजून काही राहिले असेल तर सांग. मी दारातून परत जाणार नाही.”

तिने पुरुषांच्या बाजूकडे पाहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जणू कोण आले आहे आणि कोण नाही हे मनात घेत होती. मग माझ्याकडे पाहिले.

“त्यांचं नाव बाजारात गेलं व्हतं,” ती म्हणाली. “ते आज बाजारानं ऐकलं. भाकरीचं आमचं आमी भागवलं, त्याचं काय न्हाई.” तिने माझ्या दंडाला धरून मला उठवले, हातात अजून चांगला जोर होता. “आता काय ऱ्हायलं न्हाई, बाई. समदं फिटलं.”